मज्जारज्जू आणि चंचल रेणू

बोट कापले तर आठवडाभरात जखम भरून येते. हाड मोडले तर प्लास्टरमध्ये ते काही आठवड्यांत सांधते. पण झाडावरून किंवा वाहनावरून पडून मज्जारज्जूला जबर मार बसला, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. असे का व्हावे?

मज्जारज्जू (तुमच्या पुस्तकातील मेरुरज्जू) म्हणजे मेंदू आणि शरीर यांना जोडणारा तारांचा जुडगाच होय. मोठ्या माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. त्यातील ‘तारा’ म्हणजे चेतापेशींचे लांब अक्षतंतू. मार बसला की हे तंतू तुटतात, त्यांच्यावरील मायलिनचे वेष्टन खराब होते आणि जखमेच्या जागी वण तयार होतो. हातापायांतील चेतातंतू हळूहळू पुन्हा वाढू शकतात. मज्जारज्जूतील तंतूंची वाढ मात्र जवळजवळ होत नाही. वण वाट अडवतो आणि ‘वाढा’ असा निरोपही पेशींना पुरेसा मिळत नाही.

हा निरोप बाहेरून पोचवता येईल काय? अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी खास रेणू बनवले. साबणाच्या रेणूप्रमाणे त्यांचे एक टोक पाण्यापासून दूर पळते आणि दुसरे पाण्याकडे ओढ घेते. त्यामुळे शरीरातील द्रवात हे रेणू आपोआप एकत्र येतात व त्यांचे अतिसूक्ष्म धागे तयार होतात. या धाग्यांची जाडी मोजायला नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, हे एकक लागते. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड असतो! धाग्यांच्या पृष्ठभागावर दोन प्रकारचे ‘निरोप’ असतात. एक अक्षतंतूंना वाढायला सांगतो. दुसरा पेशी जगवण्यास आणि नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यास मदत करतो.

आता खरी गंमत पाहा. पेशीच्या आवरणावर निरोप घेणारे ग्राहक रेणू असतात आणि ते सतत हलत असतात. शिवाशिवीच्या खेळात ज्याच्यावर राज्य आहे तो एका जागी उभा राहिला, तर त्याच्या हाती कोण लागणार? तो धावू लागला, तर मात्र अनेक जण सापडतात. शास्त्रज्ञांनी निरोप तेच ठेवले. फक्त रेणूतील काही अमिनो आम्ले बदलून धाग्यातील रेणूंची हालचाल कमीजास्त केली. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. मज्जारज्जूला गंभीर इजा केलेल्या उंदरांना एका दिवसानंतर एकच इंजेक्शन दिले होते. ज्यांना अधिक चंचल रेणू मिळाले, त्यांच्यात सुधारणा अधिक झाली. अक्षतंतू वाढले, वण कमी झाला, आणि लुळे पडलेले उंदीर चार आठवड्यांत पुन्हा चालू लागले! काम झाल्यावर सुमारे १२ आठवड्यांत हे धागे विघटित होऊन नाहीसे होतात.

म्हणजे रासायनिक निरोप तोच असून, केवळ गतीच्या फरकाने परिणाम बदलला. पदार्थविज्ञान आणि वैद्यक यांच्या सीमेवर असे प्रश्न दडलेले असतात.

पण घाईने अनुमान काढू नका. हे प्रयोग उंदरांवरचे, आणि तेही ताज्या जखमेवरचे. उंदराचा मज्जारज्जू केवळ काही सेंटिमीटरचा असतो. माणसात तंतूंना पुष्कळ लांबचा पल्ला गाठावा लागेल. वर्षानुवर्षे जुन्या दुखापतीचा प्रश्न आणखी निराळा आहे. ‘नॅनो-औषधाने हमखास बरे करतो’ असे कोणी सांगून पैसे मागत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तोपर्यंत आपल्या हाती एक गोष्ट आहे. अपघातात कोणाच्या मानेला किंवा पाठीला मार बसला असेल, तर त्याला ओढून उठवू नका, बसवू नका. आसपास आग किंवा दुसरा धोका नसेल, तर त्याचे डोके व मान स्थिर धरा आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तुटलेला तंतू जोडणे अवघड आहे. शाबूत राहिलेला तंतू वाचवणे तुम्हांलाही जमेल.