योशिनो नदीच्या मुखावरील दोन पूल

जपानच्या शिकोकू बेटावरील १९४ किलोमीटर लांबीची योशिनो नदी तोकुशिमा शहराजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी विस्तीर्ण चिखलपठारे म्हणजे सायबेरिया ते ऑस्ट्रेलिया असा प्रवास करणाऱ्या तुतवार, चिखल्या इत्यादी पक्ष्यांचे विसाव्याचे व खाद्याचे ठिकाण असल्याने हे मुख १९९६ मध्ये पूर्व आशियातील किनारपक्ष्यांच्या महत्त्वाच्या स्थळांच्या जाळ्यात समाविष्ट झाले.

अशा ठिकाणी पूल उभारताना दोन धोके संभवतात: नदीपात्रातील खांबांमुळे प्रवाह बदलून गाळाची ठेवण बिघडते, तर उंच मनोरे आणि केबलींचे दाट जाळे थव्यांच्या उड्डाणमार्गात आडवे येते. म्हणून २०१२ मध्ये खुल्या झालेल्या आवा शिरासागी पुलात चिखलपठारावरील गाळा, म्हणजे दोन खांबांमधील अंतर, मोठा ठेवून मनोरे बुटके व केबली मोजक्याच ठेवण्यात आल्या; मार्च २०२२ मध्ये वाहतुकीस खुल्या झालेल्या, सुमारे १.७ किलोमीटर लांबीच्या योशिनोगावा सनसेट पुलासाठी तर मनोरे व केबली पूर्णपणे टाळून, पोकळ काँक्रीट पेटीसारख्या सलग तुळईची रचना निवडण्यात आली; हा अभियांत्रिकीचा खरोखर गौरवास्पद निर्णय होय.

शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर उतरणारे रोहित पाहणाऱ्या मुंबईकर वाचकांना, तेथूनच निघणाऱ्या अटल सेतूमुळे, हा विषय दूरचा वाटू नये.