अ व्हाइटर शेड ऑफ पेल

'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे प्रोकोल हॅरम या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे १२ मे १९६७ रोजी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रकाशित झालेले गाणे आहे. गीतकार कीथ रीड, गायक व पियानोवादक गॅरी ब्रुकर आणि ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर अशी तीन नावे आज या गाण्याचे रचनाकार म्हणून घेतली जातात. मात्र पहिली ४२ वर्षे यांपैकी दोनच नावे मान्य होती. गाण्याच्या आरंभी आणि कडव्यांच्या मधे वाजणारी, बाखच्या संगीताची आठवण करून देणारी ऑर्गनची सुरावट ही या गाण्याची खरी ओळख. परंतु ती वाजवणाऱ्या वादकाला रचनाकाराचा मान इ.स. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाने निर्विवादपणे मिळाला. त्यामुळे संगीताच्या इतिहासाइतकेच स्वामित्वहक्काच्या कायद्याच्या अभ्यासातही या गाण्याला स्थान आहे.

पार्श्वभूमी

गॅरी ब्रुकर हा इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील साउथएंड येथील 'द पॅरामाउंट्स' या वाद्यवृंदात गात असे. अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या पुनरावृत्ती करणाऱ्या या मंडळींना १९६४ मध्ये एका गाण्याने थोडेसे यश दिले, पण पुढे काही हाती लागले नाही आणि १९६६ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला. त्याच सुमारास ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायातील गाय स्टीव्हन्स याने ब्रुकरची कीथ रीडशी गाठ घालून दिली. रीड कविता लिहीत असे, वाद्य वाजवीत नसे. त्याने लिहून द्यायचे आणि ब्रुकरने पियानोवर चाल बसवायची, अशी पद्धत ठरली. पुढे वाद्यवृंद उभा राहिल्यावर एकही वाद्य न वाजवणारा रीड त्याचा पूर्ण सदस्य गणला गेला, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती.

वाद्यवृंदाचे नावही स्टीव्हन्सनेच सुचवले. ते एका जातिवंत मांजराच्या वंशावळीतील नावावरून घेतले आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'या सर्वांच्या पलीकडे' असा होतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण त्या अर्थासाठी लॅटिनमधील शब्दरूपे वेगळी हवीत. नाव चुकीच्या लॅटिनमधले असले तरी ते रूढ झाले.

गीत

एका मेजवानीत कोणीतरी एका स्त्रीला, तिचा चेहरा किती पांढराफटक पडला आहे, अशा अर्थाचे काही बोलत असल्याचे रीडच्या कानी आले आणि त्यातून गाण्याचे शीर्षक सुचले, असे त्याने सांगितले आहे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'फिकटाहूनही पांढरी छटा' असा होतो. फिकट या शब्दातच रंग उतरल्याचा भाव आहे. त्यावर पुन्हा 'अधिक पांढरी' हे विशेषण चढवल्याने जो किंचित विसंगत, स्वप्नातल्यासारखा परिणाम होतो, तोच संपूर्ण गीतात पसरलेला आहे. नृत्य, मद्य, गर्दी, चक्कर येणे, समुद्रप्रवास आणि एका स्त्रीचा उतरत गेलेला चेहरा अशी चित्रे एकामागून एक येतात, पण त्यांना जोडणारी कथा सांगितली जात नाही. गीतातील एका दळणवाल्याच्या उल्लेखामुळे अनेक वाचकांना चौदाव्या शतकातील इंग्लिश कवी चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मधील दळणवाल्याची कथा आठवते. रीडने मात्र हा संबंध नाकारला आहे. अर्थ लावण्याचे प्रयत्न आजतागायत चालू आहेत. त्यांतील बहुतेक, कवीने मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरतात, एवढेच म्हणता येईल.

रीडने मूळ चार कडवी लिहिली होती. ध्वनिमुद्रणात दोनच घेण्यात आली, तरीही गाणे सुमारे चार मिनिटांचे झाले. तीन मिनिटांच्या आत आटोपणाऱ्या तत्कालीन लोकप्रिय गाण्यांच्या तुलनेत ही लांबी बरीच होती. उरलेल्या कडव्यांपैकी काही भाग प्रत्यक्ष कार्यक्रमांत कधीकधी गायला जाई.

चाल आणि ऑर्गन

गाण्याचा पाया ब्रुकरने रचला. यात सर्वांत खालचा, मंद्रातला स्वर षड्जापासून एकेक पायरीने खाली उतरत जातो आणि त्यावर स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ, बदलत राहतात. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील 'एअर' या प्रसिद्ध भागातही मंद्रस्वरांची अशीच उतरण आहे आणि ब्रुकरच्या मनात ती रचना घोळत होती. गायनाची ढब मात्र बाखच्या जगातली नाही. ती अमेरिकन सोल संगीताची आहे; पर्सी स्लेज याच्या १९६६ मधील 'व्हेन अ मॅन लव्हज अ वूमन' या गाण्याशी तिचे नाते श्रोत्यांना सहज जाणवते.

१९६७ च्या आरंभी मॅथ्यू फिशर वाद्यवृंदात आला. लंडनच्या गिल्डहॉल संगीतविद्यालयात त्याचे शिक्षण झाले होते आणि त्याच्याकडे स्वतःचा हॅमंड ऑर्गन होता. तालमींमध्ये त्याने ब्रुकरच्या स्वरसंगतींवर आठ बारांची, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातील आठ कालखंडांची, एक स्वतंत्र सुरावट बसवली. ती गाण्याच्या प्रारंभी येते, कडव्यांच्या मधे परतते आणि ब्रुकर गात असतानाही त्याच्या आवाजामागे ऑर्गन बोलत राहतो.

मैफलीत गायक श्वास घेतो तेवढ्या अवकाशात पेटीवाला जागा भरतो, तसा हा प्रकार नाही. पेटीवाल्याची जागा दर वेळी निराळी असते आणि ती गायकाच्या मागोमाग जाते. फिशरची सुरावट ठरीव आहे. तिला स्वतःचा आरंभ, चढ आणि विसावा आहे, आणि शब्द विसरलेला श्रोताही ती गुणगुणू शकतो. ती बाखची नक्कल आहे, हा समज तितकासा बरोबर नाही. 'एअर'मधील लांबवलेला पहिला स्वर आणि बाखच्या अन्य रचनांची काही वळणे तिच्यात ओळखू येतात, पण सलग अशी कोणतीही बाखची ओळ तिच्यात उतरवलेली नाही.

ध्वनिमुद्रण आणि प्रकाशन

गाण्याचे ध्वनिमुद्रण १९६७ च्या वसंतात लंडनमधील ऑलिंपिक स्टुडिओत झाले. डेनी कॉर्डेल हा निर्माता होता. ब्रुकर, फिशर, गिटारवादक रे रॉयर आणि बेसवादक डेव्हिड नाइट्स यांच्या साथीला बिल आयडन हा जॅझमध्ये मुरलेला ड्रमवादक त्या सत्रापुरता मानधनावर बोलावण्यात आला होता. ऑर्गन, पियानो, आवाज सर्व एकत्रच मुद्रित झाले.

प्रकाशनापूर्वी कॉर्डेलने गाण्याची एक चाचणी-तबकडी 'रेडिओ लंडन' या केंद्राकडे पाठवली. किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून विनापरवाना चालणारे हे केंद्र तरुणांमध्ये लोकप्रिय होते. तेथे गाणे वाजताच श्रोत्यांकडून विचारणा सुरू झाली. डेका कंपनीच्या डेरम या नाममुद्रेखाली तबकडी बाजारात आली आणि ८ जून रोजी ब्रिटनच्या विक्रीसूचीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तेथे ती सहा आठवडे राहिली. अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत तिला पाचवे स्थान मिळाले. जगभरातील एकूण खप एक कोटी प्रतींहून अधिक मानला जातो. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हा संग्रहही त्याच उन्हाळ्यात आला. तरीही जॉन लेनन आपल्या मोटारीत हेच गाणे पुन्हापुन्हा लावीत असे, अशी आठवण सांगितली जाते.

यशाने वाद्यवृंदाला स्थैर्य दिले नाही. काही आठवड्यांतच गिटारवादक आणि ड्रमवादक बदलले व पॅरामाउंट्समधील जुने सहकारी रॉबिन ट्रोवर आणि बी. जे. विल्सन दाखल झाले. वर्षअखेरीस आलेल्या पहिल्या दीर्घ तबकडीच्या ब्रिटिश आवृत्तीत तर हे गाणे घेतलेलेच नव्हते.

रचनाकर्तृत्वाचा वाद

वादाचे मूळ मार्च १९६७ मध्ये आहे. फिशर तेव्हा नुकताच वाद्यवृंदात आला होता. रीडचे शब्द आणि ब्रुकरची चाल एवढ्याच स्वरूपात, एका नमुना-ध्वनिफितीच्या आधारे, गाण्याचे हक्क एसेक्स म्युझिक या प्रकाशन कंपनीला देण्यात आले. कागदावर दोन नावे आली. ऑर्गनची सुरावट नंतर जन्मली आणि लोकांनी जे गाणे ऐकले त्यात ती होती. कागद मात्र तोच राहिला. तबकडीच्या विक्रीतील वादक म्हणून मिळणारा वाटा फिशरला मिळत असे. रचनेचे स्वामित्वधन, म्हणजे गाणे जेव्हा जेव्हा आणि ज्याने ज्याने वाजवले त्याबद्दल मिळणारी रॉयल्टी, त्याला मिळत नव्हती. आपण १९६७ मध्येच हा विषय काढला होता, पण तो झिडकारला गेला आणि अधिक ताणल्यास वाद्यवृंदातील जागा जाईल अशी भीती वाटली, असे फिशरचे म्हणणे होते. १९६९ मध्ये तो बाहेर पडला. पुढे १९९० च्या दशकात वाद्यवृंद पुन्हा जमला तेव्हा तो परतला, २००४ मध्ये पुन्हा निघाला आणि ३१ मे २००५ रोजी त्याने ब्रुकर व प्रकाशन कंपनी यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. गाणे तोवर ३८ वर्षांचे झाले होते.

न्यायालयापुढील पहिला प्रश्न असा होता की, ऑर्गनवादकाने जे केले ते रचना की वादन? ब्रुकरच्या बाजूने सांगण्यात आले की गाणे आधीच तयार होते, बाखचा स्पर्शही त्यात आधीपासून होता आणि फिशरने साथीदार या नात्याने त्यावर वादन केले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी केंब्रिजमध्ये कायद्याबरोबर संगीताचाही अभ्यास केला होता. २० डिसेंबर २००६ च्या निकालात त्यांनी मार्चमधील मूळ गाणे आणि ध्वनिमुद्रित झालेली रचना यांत भेद केला. दुसऱ्या रचनेला जे रूप आले ते फिशरच्या सुरावटीमुळे आणि ती सुरावट ब्रुकरने दिलेल्या सामग्रीहून पुरेशी वेगळी आहे, असे त्यांनी ठरवले. फिशर सहरचनाकार ठरला व संगीताच्या स्वामित्वहक्कात त्याचा वाटा ४० टक्के धरण्यात आला. ब्रुकरचे योगदान अधिक मोठे असल्याने निम्मा वाटा मात्र नाकारला गेला. शब्दांचा हक्क कायद्याने वेगळा असल्याने रीडच्या गीताला या विभागणीचा स्पर्श झाला नाही. मागील ३८ वर्षांचे पैसेही फिशरला मिळणार नव्हते: दावा दाखल होईपर्यंत त्याने इतरांना रचना वापरण्याची गर्भित मुभा दिली होती, असे न्यायालयाने मानले. अशा निकालाने कोणत्याही जुन्या गाण्यावर वाजवलेल्या कोणत्याही वादकाला दावा करण्याची वाट मोकळी होते, अशी भीती ब्रुकरने व्यक्त केली.

दुसरा प्रश्न विलंबाचा होता. ४ एप्रिल २००८ रोजी अपील न्यायालयाने फिशरला सहरचनाकार म्हणणे कायम ठेवले, पण इतकी वर्षे गप्प राहून त्याने मूकसंमती दिली, या कारणास्तव वाटा काढून घेतला. मान राहिला, धन गेले. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने हा निर्णय फिरवला. लॉर्ड न्यूबर्गर यांच्या मुख्य निकालपत्रातील युक्तिवाद साधा आहे. स्वामित्वहक्क ही मालमत्ता आहे आणि तिच्यावर हक्क सांगण्यासाठी कायद्याने कालमर्यादा घातलेली नाही. विलंबामुळे समोरच्याचे नुकसान झाले असते, तर गोष्ट वेगळी. येथे उलट फिशर गप्प राहिल्याने सर्व रॉयल्टी इतरांच्या पदरात पडत राहिली, म्हणजे विलंबाचा त्यांना लाभच झाला. लॉर्ड्सचे सभागृह देशाचे अंतिम न्यायालय म्हणून ज्या दिवशी अखेरचे निकाल देत होते, त्याच दिवसाचा हा निकाल आहे. ऑक्टोबर २००९ पासून ते काम नव्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेले.

ब्रुकरची भीती अर्धीच खरी ठरली, असे म्हणावे लागते. जुन्या गाण्यांवरील हक्क विलंबाने बुडत नाही, हे निकालाने स्पष्ट केले. परंतु वादकाचे योगदान रचनेचाच महत्त्वाचा आणि स्वतंत्र कल्पनेतून आलेला भाग असले पाहिजे, ही अट तशीच राहिली. त्या दिवशी ड्रम वाजवून मानधन घेतलेल्या वादकाला या निकालाचा आधार मिळत नाही.

नंतरचा काळ

१९७७ मध्ये पहिल्या ब्रिट पुरस्कारांत मागील २५ वर्षांतील सर्वोत्तम ब्रिटिश पॉप तबकडीचा मान या गाण्याला क्वीन वाद्यवृंदाच्या 'बोहेमियन रॅप्सोडी'सोबत विभागून मिळाला. गेल्या ७५ वर्षांत ब्रिटनमधील सार्वजनिक ठिकाणी सर्वाधिक वाजलेले ध्वनिमुद्रण म्हणून २००९ मध्ये, म्हणजे लॉर्ड्सच्या निकालाच्याच वर्षी, त्याचे नाव जाहीर झाले. रचनेच्या वाट्याचा प्रश्न इतकी वर्षे का लढवला गेला, हे या एका नोंदीवरून लक्षात येते. अनेक गायकांनी ते पुन्हा गायले. त्यांपैकी अॅनी लेनॉक्स हिचे १९९५ मधील गायन विशेष गाजले. 'द बिग चिल' (१९८३) आणि 'द कमिटमेंट्स' (१९९१) या चित्रपटांतही ते आहे; दुसऱ्या चित्रपटात तर चर्चमधील ऑर्गनवर ते वाजवले जाते. २०१८ मध्ये अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने एकेका गाण्यासाठी नवा सन्मान सुरू केला, त्या पहिल्या सहा गाण्यांत याचा समावेश होता.

गॅरी ब्रुकरचे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी आणि कीथ रीडचे मार्च २०२३ मध्ये निधन झाले.