पंप धुतल्याशिवाय फवारणी संपत नाही

आपल्या निवासी शाळेत शिकणाऱ्या अनेक मुलांचे आईवडील शेतकरी अथवा शेतमजूर आहेत. कित्येक माजी विद्यार्थीही आज शेती सांभाळतात. त्यामुळे पाठीवरचा फवारणी पंप आपल्या घराघरांत परिचित आहे. फवारताना काय काळजी घ्यावी, हे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु काम आटोपल्यावर तो पंप कोणी, कोठे आणि कसा धुवावा, याकडे दुर्लक्ष होते. म्हणून आम्ही येथे त्याच विषयाची मांडणी करीत आहोत.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष केवळ तोंडावाटेच अंगात जाते, हा समज किती घातक आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले. ते श्वासातून जाते, तसेच त्वचेतूनही झिरपते. झाकणाशी वा नळीच्या जोडाशी गळणारा पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणाऱ्या माणसाचा सदरा विषाने भिजत राहतो. म्हणूनच पंपाची निगा हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

औषध घालण्यापूर्वी पंपात स्वच्छ पाणी भरून तो चालवून पाहावा. गळती दिसल्यास वॉशर बदलावा; चिंधी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. टाकीच्या तोंडावरील गाळणी कधीही काढून टाकू नये, कारण कचरा तिथेच अडला तर नोझल तुंबत नाही. नोझल तुंबलेच, तर ते तोंडाने फुंकू नये. आधी पंपातील दाब सोडावा, मग हातमोजे घालून नोझल काढावे व पाण्यात मऊ ब्रशने साफ करावे. तार किंवा सुई खुपसल्यास छिद्र मोठे होते आणि औषध प्रमाणाबाहेर पडते.

काम संपल्यावर हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे तसेच ठेवून पंप धुवावा. टाकीत थोडे स्वच्छ पाणी घेऊन ते चांगले हलवावे आणि नळी, दांडी व नोझल यांमधून बाहेर काढावे. दुसऱ्या वेळी धुण्याची पावडर मिसळलेले पाणी वापरावे व तिसऱ्या वेळी पुन्हा स्वच्छ पाणी. हे धुवण फवारलेल्याच शेतात पसरून फवारावे. ओढा, विहीर वा हापशाजवळ पंप धुणे म्हणजे गावाच्या पाण्यात विष कालवणे होय. काही कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही मासे मारतात. बॅटरीचा पंप पाण्यात बुडवू नये. त्यातून स्वच्छ पाणी चालवावे आणि बाहेरून ओल्या कापडाने पुसावे.

तणनाशकासाठी पंप वेगळाच असावा. २,४-डी या तणनाशकाचा टाकीत राहिलेला अंशही कपाशीला बाधतो. पाने अरुंद व वेडीवाकडी होतात.

औषधाचा रिकामा डबाही तीन वेळा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे. नंतर डब्याला भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यात पाणी वा तेल भरणार नाही. धुतलेला पंप झाकण उघडे ठेवून, उलटा करून सुकवावा आणि धान्यापासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. सुटीत घरी आलेल्या मुलाला ‘जरा पंप धुऊन टाक’ असे कोणत्याही पालकाने सांगू नये. फवारणीचे कपडेही इतर कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणाऱ्या माऊलीच्या हातांनाही तेच विष लागते.

चक्कर, मळमळ, अतिघाम, अंधुक दिसणे अशी लक्षणे जाणवताच काम थांबवावे, भिजलेले कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकासह दवाखाना गाठावा.

यात शेतमालकाचेही कर्तव्य आहे. फवारणाऱ्याला संरक्षक पोशाख मिळालाच पाहिजे, अशी तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे. हातमोजे, साबण व पाणी मालकाने पुरवावे आणि पंप धुण्याचा वेळ मजुरीतच धरावा. मजुराने हे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. आपला शेतकरी विष विकत नाही. पीक वाचवण्यासाठी त्याला ते हाताळावे लागते. मात्र ते शेताच्या बांधापलीकडे, कोणाच्या घागरीत वा ताटात जाऊ न देणे त्याच्या हाती आहे. धम्मात ज्याला अप्पमाद, म्हणजे सदैव सावध असणे, म्हटले आहे, त्याचा आचार तीन वेळा खळबळलेल्या पंपातही असतो, असे आम्हांस वाटते.