कामगार-संघ : काल, आज आणि उद्यां

रविवारची सुटी आपणांस सूर्योदयाइतकीच स्वाभाविक वाटते. परंतु मुंबईच्या गिरणी-कामगारांस ती झगडून मिळवावी लागली. एकट्या मजुराच्या शब्दास वजन नसतें; अनेकांचा शब्द एक झाला म्हणजे मालकास तो ऐकावा लागतो. हेंच कामगार-संघाचें बीज होय. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरवून ही मागणी मांडली, व १८९० च्या जून महिन्यांत गिरणी-मालकांनीं ती मान्य केली. तथापि त्यांच्या संस्थेस सभासदांची यादी, वर्गणी वा नियम नव्हते. १८९७ सालीं लोखंडे निवर्तल्यावर तिचा आधारच तुटला.

१९२६ च्या कायद्यानें नोंदलेल्या संघांस संरक्षण दिलें. पण कायदा म्हणजे यश नव्हे. १९८२ च्या संपांत मुंबईचे सुमारें अडीच लक्ष गिरणी-कामगार उतरले. तडजोड झाली नाहीं, आणि सहस्रावधि कुटुंबांची उपजीविका कायमची बुडाली.

आज मोबाइलवरील हुकुमानें घरोघर जेवण पोंचविणारा तरुण एकटाच फिरतो. सोबती भेटावे असा गिरणीचा दरवाजा त्यास नाहीं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें अशा श्रमिकांची दखल घेतली खरी. परंतु त्यांचा संघ त्यांनींच उभारला पाहिजे. तो एका पुढाऱ्यावर नव्हे, तर नियमित वर्गणी, चोख हिशेब व विचारपूर्वक दिलेलें मत यांवर टिकेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां कामगार होतील, कांहीं मालक. उभयतांनींही हें ध्यानीं ठेवावें.