इंजेक्शन चालू, तरीही गुठळ्या

एप्रिल २०२०मध्ये नेदरलँड्समधल्या तीन रुग्णालयांनी अतिदक्षता विभागातल्या १८४ करोना रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रक्तात गुठळ्या होण्याचं प्रमाण ३१ टक्के निघालं, त्यातल्या बहुतेक फुप्फुसांत. या सगळ्यांना गुठळ्या टाळण्यासाठीचं हेपॅरिनचं इंजेक्शन आधीपासून चालू होतं, म्हणून डॉक्टर अधिक हादरले.

रक्तप्रवाह मंदावला, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा झाली किंवा रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढली, की गुठळी होते. अंथरुणाला खिळलेल्या कोणत्याही रुग्णाला यातला पहिला धोका असतोच. गंभीर करोनात तिन्ही एकदम येतात. विषाणू आणि त्याच्यावर तुटून पडलेली प्रतिकारयंत्रणा यांच्या झटापटीत रक्तवाहिन्यांचं नाजूक अस्तर सोलवटतं आणि रक्त तिथेच गोठू लागतं. मृत रुग्णांच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हा फ्लूने दगावलेल्यांच्या तुलनेत केशवाहिन्यांत नऊपट सूक्ष्म गुठळ्या दिसल्या. पायातून सुटून आलेल्या गुठळीची ही गोष्ट नव्हती. यातल्या कितीतरी फुप्फुसातच तयार झाल्या होत्या.

मग हेपॅरिनचा डोस वाढवावा, हे ओघानेच आलं. पण अंदाजावर न विसंबता अनेक देशांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन चाचण्या घेतल्या, आणि २०२१मध्ये आलेलं उत्तर दुहेरी होतं. वॉर्डातल्या, अजून अत्यवस्थ न झालेल्या रुग्णांना पूर्ण डोसचा फायदा झाला: व्हेंटिलेटरसारख्या आधाराविना बरे होऊन घरी जाणारे शंभरात ७६ होते, ते ८० झाले. अतिदक्षता विभागातल्यांना मात्र त्याच डोसाचा उपयोग झाला नाही. गंभीर रक्तस्राव दोन्हीकडे थोडा वाढला. औषध तेच, पण बहुधा वेळ निघून गेली होती. माझ्या मते साथीच्या धांदलीतही चाचणीची शिस्त सोडली नाही, म्हणूनच हे कळलं. नाहीतर जास्त डोस म्हणजे जास्त संरक्षण, याच समजुतीवर अत्यवस्थ रुग्णांना विनाकारण रक्तस्रावाच्या तोंडी दिलं गेलं असतं.

घरी आल्यावरही धोका लगेच सरत नाही. स्वीडनमधल्या दहा लाखांहून अधिक बाधितांच्या नोंदींत पायातल्या गुठळ्यांचा वाढीव धोका तीन महिने, फुप्फुसातल्यांचा सहा महिने टिकलेला दिसला; आजार जितका गंभीर, तितका तो मोठा. म्हणून करोनातून उठलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट रुग्णालय गाठा. आणि रक्त पातळ करणारी गोळी मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.