स्थैर्य की उत्तरदायित्व?

अमेरिकेच्या राज्यघटनेने कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, अंमलबजावणीचा राष्ट्राध्यक्षाला आणि न्यायदानाचा न्यायालयांना दिला. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या बहुमतातून येत नाही. राज्याराज्यांत निवडलेले ५३८ निर्वाचक त्याला निवडतात व विजयास २७० मते लागतात. त्यामुळे काँग्रेसचे बहुमत विरोधात गेले, तरी त्याची चार वर्षांची मुदत ढळत नाही. महाभियोगात पदच्युत करण्यास सिनेटची दोन-तृतीयांश मते लागतात.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच भेद उलगडला. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. मसुद्याने उत्तरदायित्वास प्राधान्य दिले. कारण प्रश्न व अविश्वास ठराव यांतून सरकारची झडती रोज घेता येते. ती घेणारे प्रतिनिधी निवडणे मात्र आपल्याच हाती आहे.