नोटा, टेंडर व्होट आणि २७२ चा आकडा

‘आपण पंतप्रधान निवडतो’ हे प्रचारात इतक्या वेळा कानावर पडतं की ते खरंच वाटू लागतं. पण लोकसभेच्या मतदान यंत्रावर पंतप्रधानपदाचं बटण नसतं. आपण आपल्या मतदारसंघाचा एक खासदार निवडतो. असे ५४३ खासदार निवडून जातात, त्यात महाराष्ट्राचे ४८ आणि गोव्याचे २. ज्याच्या पाठीशी यांतले किमान २७२ उभे राहतात, त्याचं सरकार टिकतं. तो सर्वांत मोठ्या पक्षाचाच असावा असंही नाही. १९९६ साली भाजप १६१ जागा घेऊन पहिला आला. वाजपेयींनी शपथ घेतली, पण बहुमत जुळलं नाही आणि १३ दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर पंतप्रधान झाले एच. डी. देवेगौडा. त्यांच्या जनता दलाच्या जागा पन्नासही नव्हत्या, आणि ते स्वतः तेव्हा खासदारही नव्हते, कर्नाटकचे मुख्यमंत्री होते. सहा महिन्यांत संसदेवर निवडून येण्याची मुभा घटनेने दिलेली आहे. ते पुढे राज्यसभेवर गेले. कुणाला ही पळवाट वाटेल, मला नाही वाटत. कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्यासाठीच तर लोकसभा आहे.

जिंकलेल्या पक्षाला देशातली निम्मी मतं पडलेली असतात, हाही असाच एक समज. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या २८२. मतदारसंघात पाच-सहा दमदार उमेदवार असले की मतं विभागतात, आणि ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त तो विजयी.

नोटाबद्दलचा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे. नोटाला सर्वाधिक मतं पडली की निवडणूक रद्द होते, असं अनेकजण ठामपणे सांगतात. महाराष्ट्रात हा समज पसरायला एक खरं कारणही आहे: २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी असा फेरनिवडणुकीचा आदेश काढला होता. पण महापालिकांच्या निवडणुका राज्य आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेच्या भारत निवडणूक आयोग. तिथे नोटा पहिला आला तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी माघार घेतली आणि नोटाला २ लाख १८ हजारांहून अधिक मतं पडली. निकालावर परिणाम शून्य. नाराजीची नोंद झाली, आणि तिचंही मोल आहे. पण नोटा दाबणाऱ्याला त्याची मर्यादा आधी कळायला हवी.

सर्वांत घातक मात्र दर निवडणुकीला व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज. यादीत नाव नसेल तर ओळखपत्र दाखवून ‘चॅलेंज व्होट’ मागा, आधीच कुणी तुमच्या नावावर मत दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि अशी मतं १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होतं. यातला टेंडर व्होट तेवढा खरा. केंद्राध्यक्ष तुमची ओळख पटवून घेतात आणि यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतात. तिच्यावर शिक्का मारून, घडी घालून ती त्यांच्याच हाती द्यायची. ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. मतमोजणीत हे पाकीट उघडलं जात नाही. निकालाचा वाद कोर्टात गेला, तरच ते कामी येऊ शकतं. तरीही ही मतपत्रिका मागावीच, कारण तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याचा तो लेखी पुरावा असतो. १४ टक्क्यांचा नियम कायद्यात कुठेही नाही. आणि चॅलेंज मतदार करत नाही: समोरचा माणूस तोतया आहे असा संशय आला तर उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून हरकत घेतो.

यादीत नाव नसलेल्या माणसाला ओळखपत्र खिशात असूनही परत फिरावं लागतं. या मेसेजवर विसंबून कितीतरी लोक आधी यादी बघतच नाहीत, हे पाहून वाईट वाटतं. नवं नाव घालायला नमुना ६ भरायचा, घर बदललं असेल तर नमुना ८. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत नवी नावं घेणं बंद होतं. म्हणजे नाव शोधायचं ते मतदानाच्या सकाळी नव्हे, निवडणूक जाहीर होण्याच्याही आधी.